गच्चीची किल्ली आणि जॉयस्टिक

"काय पाहून राहिला बे वर? विमान आहे ते!" हॉस्टेलच्या गच्चीवर एका ज्युनियरने टोकलं.

मित्रांनो, ते विमान नव्हतं. ते होतं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक! जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जाणारं. आपल्याकडे अंधार पडला तरी तिथे ऊन असतं, म्हणून ते नागपूरच्या झगमगाटातही नुसत्या डोळ्यांना दिसतं.

दुर्बिणीतून बघायचं म्हटलं की मात्र घाम फुटतो. तारे तासाला १५ अंश सरकतात. हे स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला एक अंशाच्या वर! आणि आयपीसमध्ये आकाश मावतं जेमतेम अर्धा ते एक अंश. पापणी लवली की खेळ खल्लास.

"मग कॉम्प्युटर लाव ना!" लावला. कक्षेचे आकडे नेटवर मिळतात. पण आकडे शिळे झाले किंवा लॅपटॉपचं घड्याळ सेकंदभर चुकलं, तरी पाखरू उडालंच समजा. म्हणून जॉयस्टिक हवी. मुख्य वेग कॉम्प्युटर देतो आणि उरलेली चूक डोळा बघतो, अंगठा सुधारतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण जो फीडबॅक घोकतो ना, तो हाच.

आम्ही सिनियरच्या दुर्बिणीला दोन मोटर आणि जुना गेमपॅड जोडला. आधी दांडी जिथे नेऊ तिथे दुर्बीण जायची, नुसते झटके बसायचे. मग दांडीने जागेऐवजी वेग बदलायचा असं ठरवलं आणि जमलं. चौथ्या प्रयत्नात तीन-चार सेकंद सोलर पॅनेलसकट स्थानक दिसलं. रूमपार्टनर एवढा ओरडला की खाली मेसपर्यंत ऐकू गेलं!

माझं म्हणणं एवढंच की फायनल इयरचे प्रोजेक्ट विकत घेण्यापेक्षा असं काही करू या. इथे रिपोर्टचं बाइंडिंग कितीही चकचकीत असो, आकाशासारखा कडक एक्स्टर्नल मिळणार नाही. तो मॅनेज होत नाही!

आणि हे 'नासावाल्यांचं काम' म्हणून सोडू नका. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी अख्ख्या विदर्भाने आकाशात जळत्या रेषा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूची भली मोठी रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी वर्तवला. वर काय फिरतंय हे कळणं आता आपल्या अंगणाचाही प्रश्न आहे.

शेवटी वॉर्डन सरांना नम्र विनंती. गच्चीला कुलूप का असतं ते आम्हाला समजतं. पण हिवाळ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी, हवं तर रजिस्टरवर सही घेऊन, एखाद्या सरांच्या देखरेखीखाली, किल्ली द्या. स्थानक पाच-सहा मिनिटांत निघून जातं. आम्हीही लगेच खाली येऊ... प्रॉमिस!