लेखणी आपल्या घरात आली पाहिजे

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्या बौद्ध कुटुंबांत यंदा मुलगा अथवा मुलगी पदवीधर होईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांशी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. शिकल्यावर मुलाने सरकारी नोकरी धरावी, ही आपली इच्छा रास्तच आहे. परंतु एखादी मुलगी पत्रकारिता शिकावयाची म्हणाली, तर 'हे आपले काम नव्हे' असे सांगून तिला गप्प बसवू नका.

हे काम आपलेच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा मोल देऊ केले असताही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले; त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागले. समाजात दुःखाची वाण नव्हती. ते लिहिणारी माणसे तयार नव्हती.

ती उणीव आज संपली काय? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी देशातील वृत्तसंस्था तपासल्या. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागी उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही मनुष्य आढळला नाही. याचा परिणाम दारात पाहा. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातील. त्यांचे पाणी मुंबई पिते. धरणात साठा किती उरला, याची बातमी मुंबईकरांसाठी छापली जाते. पण त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईची बातमी कोणी लिहावी?

ही विद्या सार्वजनिक विद्यापीठांत मिळते. मुंबई विद्यापीठात तिचा विभाग आहे. पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून चालत आला आहे. खाजगी संस्थांच्या भारी फीला भुलून कर्ज काढू नका. सार्वजनिक विद्यापीठात आपल्यासाठी राखीव जागा आहेत. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही १९९० पासून लागू झाल्या आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. मात्र जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या आदल्या दिवशी शोधू नका. आजच अर्ज करा.

या धंद्यात आरंभी पगार तुटपुंजा असतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मुरबाडहून एसटीने कल्याण आणि पुढे लोकल, ही दगदगही सोपी नाही. म्हणून घरच्यांनी दोन वर्षे धीर धरावा, आणि शिकणाऱ्यांनीही एक बंधन पाळावे: बातमी आपल्या बाजूची असो वा विरुद्ध, पारखल्यावाचून लिहू नये, आपल्या वस्तीइतकीच शेजारच्या कातकरी पाड्याचीही कड घ्यावी.

आपली कैफियत दुसऱ्याने मांडावी म्हणून आपण पुष्कळ वाट पाहिली. आता ती मांडणारी मुले आपल्याच घरातून विद्यापीठात पाठवा.