रोल कुठे धुवायचा?

फिल्मच्या रोलमध्ये खामगावच्या ओळखीच्या दोन वस्तू असतात. चित्र ज्या पारदर्शक पट्टीवर उमटते ती सेल्युलोज अ‍ॅसिटेटची. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून मिळते. पट्टीवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. कापसाच्या बाजारपेठेवर वाढलेल्या आणि शुद्ध चांदीमुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरापासून फिल्मचे कारखाने कितीही दूर असले, तरी तिचा कच्चा माल इथल्या माणसाला परका नाही. आता घरच्या कपाटातला जुना याशिका बाहेर निघतो, पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-२ची दुरुस्ती होते, रोल ऑनलाइन मागवता येतो. छत्तीस फ्रेम संपल्या, की खरा प्रश्न समोर येतो: रोल धुवायचा कुठे?

बहुतेक जण हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात. तो रोल विकत घेण्याआधी विचारायला हवा, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. आणि उत्तर शोधताना अंतर आणि दर यांच्याही आधी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे त्या लॅबच्या टाकीतले रसायन किती वापरात आहे.

एके काळी हा प्रश्न फारसा पडत नसे. कृष्णधवलच्या दिवसांत स्टुडिओवाला मागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच रोल धुवायचा. पुढे रंगीत फिल्म आली आणि रोल मोठ्या शहरांकडे जाऊ लागले. जपानच्या नोरित्सु कंपनीने १९७९ साली रोल धुण्यापासून प्रिंटपर्यंतचे काम पाऊण तासात उरकणारी मिनीलॅब आणली. तिच्या वंशातली मशीन नंतर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली, आणि लग्नसराईत ती दिवसभर चालत. मग डिजिटल आले. कोनिका मिनोल्टाने २००६ साली छायाचित्रणाच्या धंद्यातून अंग काढून घेतले, कोडॅकने २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि गावोगावच्या लॅबांमध्ये प्रिंटर तेवढे चालू राहिले. रोज मशीन भरेल इतके रोल आज तालुक्याच्या गावात जमत नाहीत. निवडीचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

रंगीत निगेटिव्हची सी-४१ ही प्रक्रिया कोडॅकने १९७२ साली आणली. डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला, वेळ ३ मिनिटे १५ सेकंद, आणि तापमानात चालणारी तफावत फक्त ०.१५ अंश. निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर फिल्मवर एकावर एक असतात आणि डेव्हलपर वरून खाली झिरपत जातो. तापमान ढळले किंवा रसायन थकले, की तिन्ही थर सारख्या प्रमाणात बिघडत नाहीत. मग सावल्या हिरवट आणि उजळ भाग गुलाबी, असा दोष निगेटिव्हमध्येच बसतो. स्कॅन करताना एक टोक सुधारायला गेले, की दुसरे हाताबाहेर जाते. नवरीच्या साडीचा रंग का गेला, हे ग्राहकाला समजावून सांगणे त्याहून अवघड.

डेव्हलपर हवेतल्या ऑक्सिजनमुळे मरतो. मिनीलॅबची रचनाच अशी असते, की धुतलेल्या प्रत्येक रोलमागे ठरावीक मापाचे ताजे रसायन टाकीत जाते. रोज रोल येत राहिले, तर टाकी ताजी राहते. आठवड्याला मोजके रोल येत असतील, तर तेच रसायन दिवसेंदिवस गरम टाकीत पडून राहते, आणि लॅबवाला कितीही प्रामाणिक असला तरी निकाल खालावतो. म्हणून जवळच्या शहरातल्या थंडावलेल्या मशीनपेक्षा मुंबई-पुण्यातली गजबजलेली लॅब बरी, टपालाचा खर्च धरूनही. हजाराच्या घरातला रोल आणि पुन्हा न येणारा प्रसंग एका बाजूला, टपालाचे पैसे दुसऱ्या बाजूला. यात घासाघीस करण्यासारखे काही नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. काही छोटे व्यावसायिक जोबोसारख्या फिरत्या ड्रमच्या यंत्रात रोल धुतात आणि रसायन एकदा वापरून टाकून देतात. तिथे प्रत्येक रोलला ताजे रसायन मिळते. रोल किती येतात याने फरक पडत नाही. तेव्हा लॅब मोठी की छोटी हे विचारून भागत नाही. रसायन टाकीत राहते की दर वेळी नवे घेतात, ते विचारावे. टाकीत राहत असेल, तर पुढचा प्रश्न कंट्रोल स्ट्रिपचा. कारखान्यातच मोजून प्रकाश दिलेल्या या पट्ट्या लॅबने नियमाने धुवायच्या, डेन्सिटोमीटरवर वाचायच्या आणि आकडे आलेखावर मांडायचे, अशी पद्धत आहे. जो लॅबवाला हा आलेख फोनवर पाठवतो, त्याच्याकडे डोळे मिटून रोल द्यावा. जो प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्याकडे आधी एखादा बिनमहत्त्वाचा रोल पाठवून पाहावा.

आता एका धोक्याविषयी, कारण यात नुकसान एकट्याचे होत नाही. स्वस्त मिळतो म्हणून सिनेमाचा कोडॅक व्हिजन-३ रोल साध्या डब्यांत भरून घेणारे बरेच आहेत. कोजागरीपासून खामगावात मोठ्या देवीचा शांती उत्सव सुरू होतो. तिथल्या रात्रीच्या दिव्यांत ५००टी फिल्म सुंदर काम करते, याबद्दल वाद नाही. पण या फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षे काजळीसारखा काळा थर असे, रेमजेट नावाचा. ती धुण्याची प्रक्रियाही वेगळी, ईसीएन-२. असा रोल कुणी न सांगता सी-४१ मशीनमध्ये घातला, तर तो थर सुटून टाकीत उतरतो आणि त्या दिवशीच्या इतरांच्या रोलवरही काळे कण चिकटतात. एखाद्याच्या मुलीच्या बारशाचा रोल त्यात असू शकतो. कोडॅकने २०२५ मध्ये रेमजेटशिवायची व्हिजन-३ फिल्म आणली खरी, पण बाजारात जुना साठा फिरतोच आहे आणि हाताने भरलेल्या डब्यावरून आत काय आहे ते कळत नाही. डब्यावर मार्करने फिल्मचे नाव आणि ‘ईसीएन-२’ ठळक लिहावे, पार्सलमधल्या चिठ्ठीतही लिहावे. सिनेस्टिलसारख्या काही कंपन्या रेमजेट आधीच काढून फिल्म विकतात. ती सी-४१ मध्ये चालते, पण तेही लिहिलेले बरे.

लॅब नसेल तर फिल्म कितीही चांगली असून उपयोग नाही, हे कोडाक्रोमने जगाला दाखवले. कोडॅकने २००९ साली तिचे उत्पादन थांबवले आणि शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला. त्यांनी त्यातल्या बऱ्याच फ्रेम भारतात टिपल्या, मुंबईत आमिर खान आणि अमिताभ बच्चन यांच्याही. तो रोल २०१० साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावी गेला, कारण जगात ड्वेन्स फोटो ही एकच लॅब तेव्हा कोडाक्रोम धुवत होती. त्याच वर्षी ३० डिसेंबरला तिनेही रोल घेणे थांबवले. त्यानंतर ज्यांच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम राहिला, त्यांना तिचे रंग मिळवून देणारी लॅब कुठे उरली नाही. आपल्याकडे स्लाइडची ई-६ प्रक्रिया करणाऱ्या लॅब थोड्याच आहेत. एक्टाक्रोम २०१८ साली परत आली म्हणून उत्साहाने रोल घेण्याआधी तो धुणारा कोण, हे पक्के करावे.

कृष्णधवलचे मात्र वेगळे आहे. ते घरीच धुवावे, आणि खामगावात तर नक्कीच.

या कामाला आपल्याकडे थोर परंपरा आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या घरातच प्रयोगशाळा थाटली. कच्ची फिल्म छिद्रांविना यायची. अंधारात बसून तिला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि त्यांनी ती केली. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ असा घरात धुतला गेला. आजच्या छायाचित्रकाराकडे झाकणबंद टँक आहे, फिल्म भरायला काळी पिशवी आहे, थर्मामीटर आहे. त्याला अंधारी खोलीही लागत नाही.

खामगावच्या दोन अडचणी मात्र पुस्तकांत लिहिलेल्या नसतात. पहिली उन्हाची. फिल्मच्या माहितीपत्रकावरचे आकडे २० अंशांचे असतात. मे महिन्यात इथे नळाचे पाणी त्या तापमानाला बर्फाशिवाय येत नाही. एचपी-५ प्लस फिल्म मूळ द्रावणातल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे धुतात. पाणी तापले की वेळ घटते, आणि ती पाच मिनिटांच्या खाली गेली की फिल्म सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे उमटतात. यावर उपाय सोपा आहे. डेव्हलपर एकास एक पाणी घालून पातळ करावा. मग २० अंशांची वेळ १३ मिनिटे होते आणि २४ अंशांनाही ती नऊच्या आसपास राहते. मात्र डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी तिन्ही एकाच तापमानाला हवेत. गार डेव्हलपरनंतर गच्चीवरच्या टाकीचे कढत पाणी ओतले, तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात.

दुसरी अडचण पाण्याची. खामगावच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी फिल्मवर वाळले, की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते पुसायला जावे तर ओरखडे पडतात. डेव्हलपर बनवायला आणि शेवटच्या बुडीला डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते बॅटरीच्या दुकानात मिळते. मधल्या धुण्यासाठी इलफोर्डची पद्धत पाणीटंचाईच्या भागात वरदान आहे. टँक भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टँक पाण्यात काम होते, नळ चालू ठेवावा लागत नाही.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. कृष्णधवलमध्ये फक्त न वापरलेली चांदी निघते, रंगीत फिल्ममधून सगळीच निघते आणि मागे केवळ रंगद्रव्य राहते. लॅब निवडताना ती हे पाणी कुठे सोडते, हेही विचारायला हवे. नियमाने चालणाऱ्या लॅब विजेच्या साहाय्याने चांदी काढून घेतात. घरच्या हायपोचे काय करावे, हे चांदी गाळणाऱ्यांना विचारायला खामगावसारखे दुसरे गाव शोधून सापडणार नाही.

लॅबशी व्यवहार ठरवताना निगेटिव्ह परत मिळतील, हे लेखी घ्यावे. स्कॅन ईमेलवर आला म्हणजे काम झाले, असे मानणारी पिढी आता आहे, आणि काही लॅब ठरावीक मुदतीनंतर निगेटिव्ह टाकून देतात. हे थांबले पाहिजे. स्वस्तातला स्कॅन मोबाइलच्या पडद्यापुरता असतो. उद्या मोठी प्रिंट हवी झाली, तर निगेटिव्ह हवीच. ती सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापून, पारदर्शक पाकिटांत घालून यावी. गुंडाळून रबर लावलेली निगेटिव्ह पाठवणाऱ्या लॅबकडे दुसरा रोल देऊ नये.

पाठवण्याबद्दल थोडे. प्रकाश पडलेली फिल्म उष्णतेत लवकर बिघडते, म्हणून उन्हाळ्यात रोल गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या दुकानात ठेवू नये. शक्य तितक्या लवकर, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावा, म्हणजे रविवारी गोदामात अडकत नाही. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा स्पीड पोस्ट घ्यावे आणि पावतीचा क्रमांक जपावा. ८०० किंवा त्याहून वेगवान फिल्मला विमानतळावरच्या क्ष-किरणांचा धोका अधिक असतो. ती रस्त्याने नेणाऱ्या कुरियरने किंवा मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवणे चांगले.

एकेकटे पार्सल पाठवण्यापेक्षा खामगाव, शेगाव, नांदुरा आणि मलकापूर इथल्या छायाचित्रकारांनी महिन्याचा एक दिवस ठरवून रोल एकत्र पाठवावेत, असे या मासिकाला वाटते. खर्च वाटला जातो, आणि लॅबही वीस रोल पाठवणाऱ्याचे म्हणणे जास्त लक्ष देऊन ऐकते. सुरुवात चाचणीने करावी. एकाच फिल्मचे दोन रोल घ्यावेत. ग्रे कार्ड, एक चेहरा, पांढरे धोतर आणि काळी छत्री एका चौकटीत बसवून एक स्टॉप कमीपासून तीन स्टॉप जास्तीपर्यंत फ्रेम घ्याव्यात. दोन्ही रोल सारखे काढून दोन लॅबना पाठवावेत, आणि आलेल्या निगेटिव्ह लाइट बॉक्सवर शेजारी शेजारी ठेवून सर्वांनी मिळून पाहाव्यात. कोजागरीच्या आधी हे आटोपले, तर मोठ्या देवीच्या उत्सवाचे रोल कुठे द्यायचे ते तोवर ठरलेले असेल.