घड्याळाला सातबारा नसतो

मार्च २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने नीरव मोदी याच्याकडून जप्त केलेल्या वस्तूंचा लिलाव मुंबईत झाला. लिलाव पुकारला सॅफ्रनआर्ट या संस्थेने. काही वस्तू सभागृहात विकल्या गेल्या, काही ऑनलाइन. अमृता शेरगिल आणि हुसेन यांची चित्रे, रोल्स रॉईस मोटार, परदेशी हातपिशव्या आणि मनगटी घड्याळे असा तो बाजार होता. घड्याळांत एक जेगर लकुल्त्रचे होते आणि एक हिरेजडित पातेक फिलिप. प्रत्येकाची अंदाजित किंमत अर्ध्या कोटीच्या घरात. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील एका शाखेतून खोट्या हमीपत्रांच्या आधारे तेरा हजार कोटींहून अधिक रक्कम बाहेर गेल्याचा प्रकार फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला होता. बँक सार्वजनिक, म्हणजे पैसा जनतेचा. वृत्तपत्रांनी लिलावाचे वर्णन ‘वसुली’ असे केले. प्रत्यक्षात घडले ते इतकेच की, एका धनिकाच्या मनगटावरचे घड्याळ दुसऱ्या धनिकाच्या मनगटावर गेले आणि या व्यवहारात विक्रेत्याची भूमिका खुद्द शासनाने केली. पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बँक ओढून नेते, तेव्हा त्या लिलावाची छापील सचित्र पुस्तिका कोणी काढत नाही.

फरारी आरोपीच्या घड्याळावर टीका करणे सोपे आहे, आणि तेवढ्यावर थांबणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. प्रश्न आहे तो कायद्याच्या चौकटीत राहून, नियमाने कर भरून घड्याळे गोळा करणाऱ्यांचा. त्यांची संख्या वाढते आहे आणि ऑनलाइन लिलावाने त्यांची वाट सपाट केली आहे. जिनिव्हात दुपारी हातोडा पडतो तेव्हा नवी मुंबईत संध्याकाळ झालेली असते. पाम बीच मार्गावरील एखाद्या मनोऱ्यात बसून कोणालाही, अर्थातच ऐपत असलेल्या कोणालाही, त्या हातोड्याआधीची बोली लावता येते. त्याच वेळी तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी कामगार पाठीवरची गोणी उतरवत असतो. रबाळे-महापे पट्ट्यातला कंत्राटी कामगार हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवून बाहेर पडत असतो, आणि त्याला दहा मिनिटे उशीर झाला तर त्या दहा मिनिटांचे मोल त्याच्या पगारातून चोख कापले जाते. या शहरात वेळेचा हिशेब फार काटेकोर आहे. तो फक्त एका बाजूचा आहे.

या घड्याळांचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला नट पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात पातेक फिलिपच्या ‘ग्रँडमास्टर चाइम’ या घड्याळाला तीन कोटी दहा लाख स्विस फ्रँक मिळाले. (तो लिलाव एका दुर्धर स्नायुरोगावरील संशोधनासाठी निधी उभारण्याकरिता होता, हे नमूद केले पाहिजे. त्या किमतीचे आकर्षण मात्र दानाचे नव्हते.) या दोन्ही घड्याळांचे कवच सोन्याचे नाही, पोलादाचे आहे. वेळ सांगण्याच्या अचूकतेत काही शे रुपयांचे क्वार्ट्‌झ घड्याळ त्यांना सहज मागे टाकते. मग किंमत कशाची? धातूची नाही, उपयोगाची नाही आणि श्रमाचीही पूर्णांशाने नाही. ‘हे माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे असू शकत नाही’ या एका वाक्याची ती किंमत आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती. त्याच्या काळातील धनिक निदान पैसा उधळत असे. आजचा संग्राहक उधळत नाही. तो साठवतो, आणि साठा करण्याला ‘अभिरुची’ असे नाव देतो.

येथे एक आक्षेप हटकून येतो. मोठ्या कंपन्यांचे सोडा, पण एकट्याने किंवा हाताखाली चार माणसे घेऊन काम करणारे स्वतंत्र घड्याळजी या संग्राहकांमुळेच तगून आहेत, असे म्हटले जाते. हा आक्षेप खोटा नाही. फिलिप द्यूफूर याने आपल्या ‘सिम्प्लिसिटी’ या नमुन्याची जेमतेम दोनशेच्या आसपास घड्याळे केली, एफ. पी. जूर्न याच्या कार्यशाळेतून वर्षाला हजारभरही बाहेर पडत नाहीत. यंत्राचा प्रत्येक भाग हाताने घासून, उजळून बसवणाऱ्या माणसाविषयी श्रमाची प्रतिष्ठा मानणाऱ्याला आदरच वाटला पाहिजे. पण घड्याळ पहिल्या विक्रीला जाते तेव्हा कारागिराला त्याची किंमत मिळते. दहा वर्षांनी तेच घड्याळ लिलावात कित्येक पटींनी विकले जाते, तेव्हा वाढलेली रक्कम विकणाऱ्याची आणि दलाली लिलावसंस्थेची. ज्याच्या बोटांनी ते घडवले त्याच्या हाती या वाढीतला छदामही येतोच असे नाही. त्याच्या वृद्धत्वामुळे, त्याच्या हातून आता नवे काम होणार नाही या जाणिवेमुळेच पुष्कळदा किंमत चढते. कारागिराच्या थकण्यावर नफा मिळवणाऱ्या व्यवहाराला कलेचा आश्रय म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

मुंबईच्या कारागिराच्या वाट्याला तर तेवढाही आदर आलेला नाही. जुन्या, मृतप्राय घड्याळांची यंत्रे दुरुस्त करून, तबकडी नव्याने रंगवून, हाताला लागतील ते काटे जोडून येथले घड्याळजी त्यांना पुन्हा चालती करतात. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. जुळवलेले घड्याळ अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच आहे आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ती फसवणूक बहुधा ऑनलाइन विकणारा व्यापारी करतो. भिंग डोळ्याला लावून बाकड्यावर बसलेला घड्याळजी केवळ मजुरी घेतो. सांगायचे ते एवढेच की, तीच चावी, तेच चक्र, तीच कमान हाताळणारा एक हात जिनिव्हात कलावंत ठरतो आणि दुसरा मुंबईत चेष्टेचा विषय.

जनतेच्या घड्याळाचे काय झाले, तेही पाहावे. १९६१ साली सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. किनाऱ्यावर रात्री उतरणाऱ्या चोरट्या परदेशी घड्याळांचा तो काळ होता. शिक्षक, कारकून, रेल्वे कामगार यांच्या मनगटावर स्वदेशी घड्याळ आले ते या कारखान्यामुळे, आणि त्यातल्या एका नमुन्याचे नावच ‘जनता’ होते. गुंतवणूक आटली, क्वार्ट्‌झच्या लाटेत निर्णय चुकले, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज जुनी ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही घड्याळे ऑनलाइन बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जातात. कारखाना मोडीत निघाल्यावर ‘जनता’ दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळ झाल्यावर धनिकांना प्रिय झाली.

आता कराकडे वळू. खरा घोटाळा येथे आहे आणि तो संपूर्णपणे कायदेशीर आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने घालून दिलेल्या व्याख्येप्रमाणे वैयक्तिक वापराची जंगम वस्तू ही भांडवली मालमत्ता नव्हे; तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे, पुरातत्त्वीय संग्रह या गोष्टींना अपवाद करून त्या करपात्र केल्या आहेत. त्या यादीत घड्याळाचे नाव नाही. सोन्याचे किंवा रत्नजडित असेल तर ‘दागिना’ म्हणून वाद घालता येईल. पण सर्वांत महाग घड्याळे पोलादाची आहेत हे वर पाहिलेच. गृहिणीने अडचणीत विकलेली सोन्याची पाटली करपात्र, आणि संग्राहकाने कोटीच्या नफ्याने विकलेले पोलादी घड्याळ ‘अंगावरची वस्तू’ म्हणून सुटण्याची शक्यता!

अप्रत्यक्ष कराचीही तीच तऱ्हा. शाळकरी मुलाच्या पाचशे रुपयांच्या घड्याळावर वस्तू आणि सेवा कर अठरा टक्के, आणि पन्नास लाखांच्या घड्याळावरही अठराच टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये या कराची फेररचना झाली तेव्हा ३५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलीवर चाळीस टक्के कर बसला. घड्याळाला कोणी हात लावला नाही. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का रक्कम उगमस्थानी गोळा केली जाते खरी, पण ती पुढे प्राप्तिकरात वळती होते. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेबरोबरच्या करारानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर जाणार आहे. तस्कर ज्यासाठी रात्रीचा अंधार शोधत, ते आता दिवसाढवळ्या होईल.

संपत्ती कर असता तर यातले काही अडले असते. कॅल्डॉर यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये आलेला हा कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. उत्पन्न जेमतेम हजार कोटी आणि वसुलीचा खटाटोप फार, असे कारण तेव्हा दिले गेले. उत्पन्न कमी का होते, हे सांगितले गेले नाही: १९९३ पासून शेअरसारखी मुख्य संपत्ती करातून वगळलेली होती. भांड्याला आपणच भोक पाडायचे आणि पाणी राहत नाही म्हणून भांडे फेकायचे, असा हा न्याय. राहता राहिला ‘भांडवल पळून जाईल’ हा बागुलबुवा. जिथे ही घड्याळे बनतात, त्या स्वित्झर्लंडमधील कँटन्स आजही दर वर्षी संपत्ती कर घेतात. तेथून घड्याळाचा एकही कारखाना त्या भीतीने उठून गेलेला नाही.

नवी मुंबईतील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. या शहरासाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. भूमिपुत्रांचा गुंठा न् गुंठा सातबाऱ्यावर नोंदलेला होता, म्हणून तो शासनाला दिसला आणि घेता आला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. त्याच जमिनीच्या किमती वाढून जो पैसा बिल्डर आणि सट्टेबाज यांच्या हाती साचला, तो जमिनीत आहे तोवर मोजता येतो. तो एकदा घड्याळात शिरला की तिजोरीच्या एका कप्प्यात मावतो, खिशातून सीमापार जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही तलाठ्याकडे नसते.

निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याबाबत एक प्रश्न विचारता येईल. ऑगस्ट २०१० मध्ये लोकसभेत मांडलेल्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात, पन्नास हजारांहून अधिक किमतीचे घड्याळ संपत्ती करास पात्र धरावे, अशी स्पष्ट तरतूद होती. ती कोणा समाजवाद्याने लिहिली नव्हती. मांडणारे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी होते. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. त्या कलमाचा मसुदा नव्याने करावा लागणार नाही. पन्नास हजारांच्या जागी आजच्या किमतींना साजेसा आकडा घालायचा, एवढेच काम उरले आहे.