यंत्रसंशोधनांतील रोजची नोंद

नवा पंप अथवा नांगर घेतांना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. किती इंधनांत किती काम, हें विचारून घेतों. तो आंकडा जेथें जन्मतो त्या प्रयोगशाळेच्या टिपणवहीकडे मात्र क्वचितच कोणी पाहातो.

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानानें १९१९ सालीं परीक्षेवांचून ट्रॅक्टर विकण्यास कायद्यानें बंदी केली. विल्मट क्रोझर हे शेतकरी व विधिमंडळाचे सभासद या कायद्याचे एक प्रवर्तक होत. १९२० पासून तेथील विद्यापीठानें काढलेल्या अहवालांत ओढशक्ति व इंधनाचा खर्च तर आहेच. पण चांचणी चालूं असतां कोणती दुरुस्ति करावी लागली, हेंहि नमूद आहे. आमच्या मतें खरें मोल या शेवटच्या रकान्याचें. तो मागाहून आठवून भरतां येत नाहीं.

आजचीं मापकयंत्रें क्षणोक्षणीं आंकडे ओततात. परंतु एकक कोणतें, मापक केव्हां तपासला, जमीन ओली कीं कोरडी, हें त्याच दिवशीं लिहिलें नाहीं तर तो नुसता अंकांचा ढीग; आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला कीं ढिगाची किल्लीहि गेली. जर्मनींत २०२० पासून अभियांत्रिकींतील अशा नोंदींसाठीं राष्ट्रीय पातळीवर एक संघ काम करीत आहे.

कित्येक संशोधकांस ही कारकुनी वाटते. आम्हांस तें मान्य नाहीं. आपल्या कृषिविद्यापीठांनीं प्रत्येक यंत्रप्रयोगाच्या अंदाजपत्रकांतच नोंदीचा वेळ व खर्च धरावा, आणि वाचकांनीं यंत्राच्या प्रात्यक्षिकास जातांना मूळ नोंदवही दाखविण्याची मागणी बेधडक करावी.