स्थूल मुलें आणि माशाचें तेल

गेल्या महिन्यांत आमच्या नातवाच्या हातून एक बाटली निसटली व पिवळ्या, पारदर्शक गोळ्या ओसरीभर पसरल्या. गोळ्या माशाच्या तेलाच्या. नातू बारा वर्षांचा. देह वयाच्या मानानें बराच जड. सूनबाई ओशाळून म्हणाली, "अण्णा, दुकानदारानें सांगितलें कीं यानें वजन उतरतें. आपणांस सांगण्याचा धीर झाला नाहीं."

भक्ष्याभक्ष्याची चर्चा घरांत दोन दिवस चालली. माझ्या मतें ती गौण होय. 'औषधार्थ' या एका शब्दाखालीं आमच्या आजीनेंही आम्हांस नाक धरून शार्कच्या यकृताचें तेल पाजलेंच होतें. मात्र तें रोड मुलांनीं बाळसें धरावें, मुडदूस होऊं नये म्हणून. आणि आतां माशाचें तेल बाळसें उतरावें म्हणून!

वस्तुतः हीं दोन तेलें एक नव्हेत. यकृताच्या तेलांत 'अ' व 'ड' जीवनसत्त्वें विपुल असतात. तीं शरीरांत सांठतात, म्हणून त्यांचा अतिरेक बाधतो. हल्लींच्या गोळ्यांतील तेल बहुधा माशाच्या अंगाचें. त्यांतील ओमेगा-३ वर्गाचीं द्रव्यें, ईपीए व डीएचए, १ ग्रॅमच्या साधारण गोळींत मिळून सुमारें ३०० मिलिग्रॅम भरतात. मोठ्या मात्रेनें रक्तांतील ट्रायग्लिसराइड हा मेद घटतो, हें खरें. पण ती मात्रा वैद्यानें रक्त तपासून ठरवावयाची. देहाचें वजन उतरतें, असें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. तेल तें तेलच. दर ग्रॅमास ९ कॅलरी. आपल्या नगरकडील जवसाच्या चटणींतही ओमेगा-३ आहे, परंतु निराळ्या जातीचें. त्याचें ईपीए-डीएचएमध्यें रूपांतर शरीर फारच थोडें करितें. शैवालापासून काढिलेलें डीएचए शाकाहाऱ्यांस मिळूं शकतें. तेंही वजनावरील उपाय नव्हे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत स्थूलतेचीं कारणें दिलीं आहेत: अतिभोजन, मधुर व स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवसा निद्रा, आणि बीजस्वभावही. हें शेवटचें कारण वाचल्यापासून मुलास 'लठ्ठ्या' म्हणणें घरांत बंद केलें. उरलेल्या कारणांचा शोध घेतां पहिला अपराधी मीच निघालों. रोज सायंकाळीं बिस्किटांचा पुडा व फरसाण आणून देणारा दुसरा कोण होता?

बाटली सूनबाईनें डॉक्टरांस दाखविली. त्यांनीं गोळ्या बंद करून रक्ताची तपासणी लिहून दिली. मुलांनीं दररोज ६० मिनिटें तरी अंग हालवावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. म्हणून आतां आम्ही दोघे सायंकाळीं भुईकोट किल्ल्याच्या बाजूनें पायीं जातों. पहिल्या दिवशीं अर्ध्या वाटेंत बसकण मारली ती मीं. नातू पुढें जाऊन माझी वाट पाहत उभा होता.