विसावा हिस्सा फक्त पगारदारांचा नाही

एप्रिल लागला की आमच्या वस्तीतल्या एका ग्राफिक डिझायनर मुलाचा फोन दिवसभर वाजतो. "भाऊ, जयंतीचं बॅनर करून दे ना, समाजाचं काम आहे." मंडपवाल्याला आगाऊ रक्कम मिळते, डीजेवाल्याला मिळते, फ्लेक्स छापणाऱ्याला रोख मोजले जातात. फुकट राबायचं ते फक्त आपल्याच पोराने. मागच्या जयंतीला त्याने रात्री जागून अकरा बॅनर केली. त्याच महिन्यात त्याच्या लॅपटॉपचा हप्ता थकला.

पुढे मी त्याच्याकडे विहारातल्या अभ्यासिकेसाठी वर्गणी मागितली. तो म्हणाला, "ताई, विसावा हिस्सा नोकरीवाल्यांनी द्यायचा. मला कुठे पगार आहे?"

माझ्या मते इथे मंडळही चुकतं आणि तो मुलगाही चुकतो.

आधी मंडळाबद्दल. गावकीची कामं मोबदल्याविना, नाहीतर तुटपुंज्या बलुत्यावर करून घेणारी महार वतनाची पद्धत मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. श्रमाला दाम मिळालाच पाहिजे, हा आपल्या चळवळीचा पाया आहे. मग गावाच्या जागी समाजाचं नाव घालून आपण तीच वेठ आपल्या मुलांकडून कशी घेतो? स्वतःहून केलेलं श्रमदान वेगळं. नाही म्हटलं तर "समाजाला विसरला" असा शिक्का बसणार असेल, तर ते श्रमदान नव्हे.

आता त्या मुलाबद्दल. विसाव्या हिश्श्याचं आवाहन बाबासाहेबांनी आपल्याच नागपुरात, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात केलं. समोर कोण होते? गिरणी कामगार होते, विडी वळणारे होते, शेतमजूर होते. विडीची मजुरी महिन्यावर ठरत नाही, हजार विड्यांमागे ठरते. म्हणजे आज आपण ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतो, त्यातलं "जेवढं काम तेवढाच दाम" हे आपल्या आज्यांना चांगलंच ठाऊक होतं. ज्यांच्या हाती ठरलेला पगार नव्हता, त्यांच्याकडेही बाबासाहेबांनी मिळकतीतले शंभरातले पाच मागितले. आज मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामासाठी काढावे लागतात, आणि त्याचाही गाजावाजा होतो.

खुद्द बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. त्या वर्षी ते कोणाचे पगारी अधिकारी नव्हते. वकिली करत होते आणि बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ कायदा शिकवत होते. आपल्या विद्येची बाजारात रास्त किंमत घ्यायची, घर चालवायचं आणि उरलेली ताकद चळवळीत घालायची, हा मार्ग त्यांनी स्वतः चालून दाखवला.

मग 'पे बॅक टू सोसायटी' म्हटलं की आपल्याला फक्त नोकरदारच का आठवतो? कारण १९७८ मध्ये कांशीरामजींनी बामसेफ उभी केली तेव्हा शिकलेला माणूस म्हणजे बहुतेक सरकारी कर्मचारी, हेच चित्र होतं. त्या वेळी ते बरोबर होतं. आज कायम पदांच्या जागी कंत्राटं आली. इंदोरा-पाचपावलीतली आपली मुलं व्हिडिओ एडिट करतात, लग्नाचे फोटो काढतात, भाषांतरं करतात, वेबसाइट बनवतात. चळवळ मात्र अजून निवृत्त नोकरदारांच्या पेन्शनवर चालली आहे. ही पिढी थकली की अभ्यासिकेचं वीजबिल कोण भरणार?

म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली, फुकट काम मागणं बंद करा. मंडळाने डिझायनरला, गायकाला, फोटोग्राफरला ठरलेला दर द्यावा. त्याला सूट द्यायची असेल तर ती त्याने द्यावी, आपण गृहीत धरू नये.

दुसरी, प्रत्येक बिलातला विसावा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढा. दहा हजारांचं काम झालं तर पाचशे. ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात हिस्साही नाही, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. शिवाय वर्षातून एक दिवस आपलं कौशल्य उघडपणे समाजाच्या नावाने विका. हिशोबनीस मुलाने जुलैतला एक रविवार विहारात बसून आयकर विवरणपत्रं भरून द्यावीत, फोटोग्राफरने एक दिवस कुटुंबांचे फोटो काढावेत. लोकांकडून नेहमीचा दर घ्यावा आणि सगळी रक्कम अभ्यासिकेला द्यावी. लोकांना सेवा मिळते, अभ्यासिकेला पैसा मिळतो, आणि या कामाला किंमत असते हे वस्तीला कळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. पैसे घेणाऱ्याने पावती द्यावी आणि जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहावा. तरुण देत नाहीत, ही तक्रार मी प्रत्येक बैठकीत ऐकते. मागच्या वर्षीचा हिशोब मात्र फार थोड्या बैठकांत वाचला जातो. दिलेला पैसा कुठे गेला हे कळलं नाही, तर दुसऱ्यांदा कोण देईल?

हे दान उपकार म्हणून द्यायचं नाही. आपल्याला कोणीतरी शिकवलं, कोणीतरी विड्या वळून फी भरली, त्याची ही परतफेड आहे. त्या मुलाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आधी मंडळाकडून अकरा बॅनरचे पैसे मिळवून द्या, त्यातला विसावा हिस्सा लगेच देतो."

त्याची मागणी रास्त आहे. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवणार आहे.

जय भीम!