येणे लिहिले, आले किती?

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात गेले. त्या लढाईच्या मुळाशी हिशेबच होता, ही गोष्ट मात्र व्यापारी घरांतही फारशी बोलली जात नाही. निजामाकडे चौथाई व सरदेशमुखीची वर्षानुवर्षांची बाकी थकली होती. ती मागणारे नाना फडणवीस पदानेच हिशेबनीस होते. तगादे झाले, वकिलांच्या फेऱ्या झाल्या, आकड्यांवर वाद झाला आणि अखेर फौजा खर्ड्याच्या माळावर समोरासमोर आल्या. पराभूत निजाम अली खानाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला व तह केला. दौलताबादेसह मुलूख आणि सुमारे तीन कोटी रुपये देण्याचे त्याने कबूल केले.

त्या तीन कोटींचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा तंटा पेटला. पुढच्याच वर्षी महाडास असलेल्या नानांनी निजामाचे साहाय्य मिळवण्यासाठी खर्ड्याचा मुलूख परत करण्याचे आणि उरलेली रक्कम सोडून देण्याचे मान्य केले. एखाद्या कारकुनाने मार्च १७९५ मध्येच ते तीन कोटी नफा म्हणून जमेस धरले असते, तर दोन वर्षांच्या आत त्याला त्यावर काट मारावी लागली असती. देणाऱ्याने कबूल केलेले, आपण लिहिलेले आणि खरोखर हाती आलेले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

रुग्णालयांना यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीपुढे हाच पेच दर तीन महिन्यांनी उभा राहतो. पेढीवर वर्षातून एकदा वहीपूजन होई, नफातोटा त्या वेळी समजे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तेवढी उसंत नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आकडे जाहीर करावे लागतात. वर्षअखेरीच्या लेखापरीक्षित आकड्यांसाठी ६० दिवस मिळतात. मधल्या तिमाहींवर लेखापरीक्षकाची सही असली, तरी ती बहुधा मर्यादित पुनरावलोकनाची असते, पूर्ण तपासणीची नव्हे. मार्चच्या तिमाहीचे आकडे तर वर्षाच्या एकूण रकमेतून पहिल्या नऊ महिन्यांची रक्कम वजा करून काढलेली बाकी असतात. सरकारी रुग्णालयांची अनुदाने मार्चअखेरीस खर्ची पडतात आणि यंत्रांची विक्रीही तेव्हाच फुगते. त्यामुळे या वजाबाकीकडे विशेष लक्ष हवे.

विक्री झाली असे कधी म्हणावे, याचा नियम १ एप्रिल २०१८ पासून बदलला. भारतीय लेखा मानक ११५ त्या दिवशी लागू झाले. समजा, एका कंपनीने ६० लाखांचे यंत्र तीन वर्षांच्या देखभालीसह विकले. मालासोबत ‘मोफत’ दिलेली देखभाल खरोखर मोफत नसते, हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक आहे. नव्या मानकाने तेच हिशेबात आणले. देखभालीच्या वाट्याला ६ लाख येत असतील, तर यंत्राचे ५४ लाख त्याचा ताबा ग्राहकाकडे जाईल तेव्हा उत्पन्नात धरायचे आणि उरलेले ६ लाख बारा तिमाहींत, दर तिमाहीस ५० हजार याप्रमाणे. पैसे आधीच मिळाले असले, तरी तोवर ते देणे म्हणून ताळेबंदात राहतात. यंत्र खोक्यात बंद असून उभारणी व्हायची असेल आणि ती कंपनीखेरीज दुसऱ्या कोणाला जमण्यासारखी नसेल, तर ५४ लाखांसाठीही थांबावे लागते.

हा बदल करताना कंपन्यांना दोन वाटा होत्या. जुन्या वर्षांचे आकडेही नव्या रीतीने मांडावेत, किंवा एकूण फरक आरंभीच्या शिलकेत घालून पुढे जावे. दुसरी वाट धरणाऱ्या कंपनीच्या त्या वर्षीच्या तिमाहीची गतवर्षाशी तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत टाकणे होय. याहून अलगद घडणारा बदल अंदाजाचा असतो. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या यंत्राचे आयुष्य सात वर्षांऐवजी दहा वर्षे धरले की घसारा कमी होतो, नफा वाढतो आणि गल्ल्यात मात्र एक रुपयाही जास्त येत नाही. अशा बदलाने मागचे आकडे फिरवावे लागत नाहीत. तो टिपेच्या एका ओळीत असतो आणि ती ओळ शेवटच्या पानावर असते.

नियम बदलतो तेव्हा लपवलेले उघडे पडण्याची वेळ येते. जपानच्या ऑलिंपस कंपनीचे प्रकरण त्याचे मोठे उदाहरण आहे. पोटात उतरवून आतील दोष दाखवणाऱ्या एन्डोस्कोप या दुर्बिणीच्या व्यवसायात ही कंपनी जगात आघाडीवर आहे. १९८५ नंतर येन महागला, निर्यातीचा नफा घटला आणि व्यवस्थापकांनी ती तूट रोखेबाजारातील सट्ट्याने भरून काढायचे ठरवले. १९९० नंतर बाजार कोसळला. तरीही खरेदीच्या किमतीवर रोखे दाखवण्याची मुभा होती, म्हणून तोटा वहीत दिसला नाही. नव्वदीच्या अखेरीस जपानने बाजारभावाने मूल्य दाखवण्याचा नियम आणला. तोटा कबूल करण्याची ती सरळ संधी होती. ऑलिंपसने बुडीत रोखे परदेशातील अशा फंडांना मूळ किमतीत ‘विकले’, ज्यांचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात धरला जात नव्हता. लपवलेला तोटा सुमारे ११,७७० कोटी येन होता.

पुढे ते फंड मिटवायला पैसा लागला. २००८ मध्ये जायरस ही ब्रिटिश वैद्यकीय उपकरण कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना घेतली आणि सल्लागारांना ६८.७ कोटी डॉलर दिले. दलालीचा व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही सौद्याच्या एकतृतीयांश दलाली ऐकून घाम फुटावा. चेहऱ्याच्या क्रीमपासून मायक्रोवेव्हच्या भांड्यांपर्यंतचे धंदे करणाऱ्या तीन लहान कंपन्याही अवाच्या सवा दराने घेतल्या गेल्या. जुना तोटा अशा रीतीने ‘गुडविल’चे नवे नाव घेऊन वहीत आला.

नवे अध्यक्ष मायकेल वुडफर्ड यांनी या रकमांविषयी लेखी प्रश्न विचारले आणि १४ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण सप्टेंबर तिमाहीचा अहवाल १४ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा होता, तो देता येईना. आणखी एक महिना उलटला असता, तर तोक्यो शेअर बाजारातून नावच निघाले असते. १४ डिसेंबर या शेवटच्या दिवशी पाच वर्षांचे सुधारित आकडे दाखल झाले. इतकी वर्षे लेखापरीक्षकांच्या सह्यांखाली दडलेला तोटा एका तिमाही अहवालाच्या मुदतीने बाहेर आणला. २०१३ मध्ये माजी अध्यक्ष त्सुयोशी किकुकावा यांना तीन वर्षांची स्थगित शिक्षा आणि कंपनीला ७० कोटी येन दंड झाला. या सगळ्या काळात दुर्बिणींचा धंदा मात्र चालूच होता.

भारतातील कंपनीचा कागद हाती आल्यावर नफ्याच्या रकान्याआधी दोन ठिकाणी बोट ठेवावे. विक्री वाढली त्यापेक्षा येणे अधिक वेगाने वाढले आहे काय? आणि नफा दिसतो तितकी रोकड धंद्यातून आली काय? जून आणि डिसेंबरच्या तिमाहीत याचे उत्तर सहसा मिळत नाही, कारण ताळेबंद व रोकड प्रवाहाचा तक्ता सहामाहीसच द्यावा लागतो. तो सप्टेंबरच्या आकड्यांबरोबर येतो. त्यांची मुदत १४ नोव्हेंबर आहे, म्हणजे बहुधा घरोघरी नव्या वह्यांवर कुंकू वाहिले जाते त्याच्या आसपास.